दुपारची दोन मिनिटं

"आपला तक्ता दिवसांवरच ठेवायचा, तासांवर जायचं नाही," घैसास साहेबांनी ऋजुताला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. साइटवर नव्याने आलेल्या त्या इंजिनिअरला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नियोजनाचं सॉफ्टवेअर पाऊस, काँक्रीटच्या गाडीचं पंक्चर, गवंड्याचा ताप, सगळं आधीच धरून चालायचं आणि ते कधीच चुकत नसे.

उद्या सातव्या मजल्याचा स्लॅब होता. तक्त्यात त्याची एकच हिरवी पट्टी होती: "वेळेत पूर्ण." साहेब चहाला गेले, तशी ऋजुताने ती पट्टी तासांवर उघडली.

नारळ फोडणे. काँक्रीट सुरू. जेवणाची सुट्टी. दोन मिनिटं स्तब्धता. काँक्रीट पुढे चालू.

तिने पुन्हा वाचलं. सकाळच्या सगळ्या कामांपुढे सुपरवायझर केंगारमामांचं नाव होतं. स्तब्धतेनंतरच्या कामांपुढे कुणी शेडगे होते.

साहेब परतताच ती म्हणाली, "सर, हे बघा. उद्याचं काम थांबवू या."

घैसासांनी माउस ओढून घेतला आणि तक्ता पुन्हा दिवसांवर आणला. "कशाला? वेळेत पूर्ण होतंय की."

"आणि हे शेडगे कोण?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हातात कोरं हेल्मेट घेऊन एक माणूस उभा होता.

"मी शेडगे. बोलावलंय उद्या दुपारी," तो अवघडून म्हणाला, "पण म्हटलं, आजच साइट बघून घ्यावी."

"या ना," घैसास हसून म्हणाले. "केंगार खालीच आहेत. ते दाखवतील तुम्हाला सगळं."