बाहेरचा सूर

“बाहेर?” कानिफनाथने क्लॅरोनेट तोंडातून काढलं. “बाहेर म्हंजी कुठं, मास्तर?”

“हॉलच्या बाहेर. मागच्या खिडकीखाली.”

बँडमास्तर सहादेव सुभेदारांनी कागदावर बोट ठेवलं. क्लॅरोनेटची मुख्य चाल जिथं सुरू होते, तिथं बारीक अक्षरात दोन फ्रेंच शब्द छापले होते. मास्तरांनी ते अक्षराला अक्षर जोडून वाचले, “एन डेहोर्स.”

“हॉर्स म्हंजी घोडा की,” मोठ्या ढोलावरचा बन्सी म्हणाला. “घोड्यावर बसून वाजवायचं आसंल. कानिफ, लगीन झालंय ना तुझं? मग सवय हाय.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. छावणीतल्या चर्चच्या फादरकडून त्यांनी मुद्दाम फ्रेंच कोश आणला होता. त्यात अर्थ स्वच्छ दिला होता. बाहेर.

एकाहत्तर सालचा नोव्हेंबर होता. भिंगारच्या छावणीतून रोज भरलेल्या गाड्या स्टेशनकडे जात आणि रिकाम्या परत येत. लढाई लागली की बँडवाल्यांनी वाद्यं ठेवायची आणि जखमींचे स्ट्रेचर उचलायचे, ही पलटणीची रीत. पासष्ट साली या बँडमधून दोघे गेले होते. एक जण परत आला. दुसऱ्याची ट्रंक आली.

आता आघाडीवर पुन्हा एक माणूस मागवला होता. कमांडंटसाहेब न्यायी होते, वशिला त्यांना खपत नसे. “नाव तुम्ही सुचवायचं नाही,” त्यांनी मास्तरांना बजावलं. “शनिवारी फ्रेंच पाहुणे चहाला येताहेत. तेव्हा मी स्वतः ऐकेन. ज्याच्यावाचून बँडचं अडत नाही, तो जाईल.” साहेबांना बिगुल आणि जेवणाची घंटा यांतला फरक ओळखता येत असे. संगीतातलं आणखी काही येतं का, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

कानिफनाथ तिसगावचा. त्याच्या चांगुणाला सातवा महिना लागला होता. त्याची आई छबूबाई मागच्या बाजारी येऊन मास्तरांच्या दारात बसली होती. “मास्तर, मला येवढा येकच हाय,” ती म्हणाली होती. “तुमच्या पदरात घातलाय बघा.” चहासुद्धा न घेता गेली.

म्हणून तर मास्तरांनी हा फ्रेंच तुकडा काढला होता. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लॅरोनेटचंच राज्य. ढोल, शिंगं, बासऱ्या नुसत्या मागं मागं. कानिफला समोर मधोमध बसवायचं, म्हणजे साहेबांना दिसेल आणि ऐकूही येईल, असा त्यांचा बेत होता. मग ते दोन शब्द सापडले.

दोन दिवस मास्तर त्या शब्दांपाशी अडले. इंग्रजाची कवायतीची चाल त्यांनी आयुष्यभर थोडी पुढंमागं करून वाजवली होती; इंग्रजानं कधी तक्रार केली नाही. फ्रेंच माणसाचं तसं नव्हतं. तो श्वास कुठं घ्यायचा तेही लिहून ठेवतो. त्याच्याशी इमान राखायचं तर लिहिलंय तेवढं वाजवायचं, पदरचं काही घालायचं नाही. हे मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी शिकवलं होतं, पाठीत छडी घालून.

रबर हाताशी होतं. दोन शब्द पुसले असते तर नगर जिल्ह्यात कोणाला पत्ता लागला नसता. मास्तरांनी रबर उचललं, पाहिलं, आणि खाली ठेवलं. सूर काय, खिडकीतून आत येईलच की.

“मास्तर, साहेबांला मी दिसायचो न्हाई,” कानिफ हळूच म्हणाला.

“ऐकू येशील,” मास्तर म्हणाले. “गाणं कानानं ऐकतात.”

“साहेब बी?”

मास्तर उठून मागची खिडकी सताड उघडायला गेले.

शनिवारी चारला हॉल भरला. सोळा जण आत ओळीनं बसले. कानिफची खुर्ची मास्तरांनी काढून ठेवली. पाहुण्यांपुढं रिकामी खुर्ची बरी दिसत नाही. त्यांनी छडी उचलली.

खिडकीबाहेरून सूर आला. चिंचेखालून, दुरून, कोणीतरी निरोप घेऊन निघाल्यासारखा. बन्सीचा हातसुद्धा ढोलावर हलका झाला. फ्रेंच पाहुण्यानं बशी खाली ठेवली आणि डोळे मिटले. कमांडंटसाहेबांनी कपाळाला आठी घालून एकदा खिडकीकडं पाहिलं, मग पुन्हा समोर. मास्तरांनी एकही खूण सोडली नाही. इतकं खरं वाजवणं त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

टाळ्या थांबायच्या आत पाहुणा उठून आला. मास्तरांचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, “तो वादक बाहेर का?”

मास्तरांनी अभिमानानं कागद पुढं केला.

पाहुणा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाहेर म्हणजे दाराबाहेर नव्हे हो! बाकीच्यांतून बाहेर. सगळ्यांच्या पुढं. ज्याच्यावाचून बाकीचं सगळं व्यर्थ, त्याच्यावर आम्ही हे लिहितो.” मग गंभीर होऊन तो म्हणाला, “पण आमच्या अक्षराशी इतकं इमान मी पॅरिसमध्येही पाहिलं नाही.”

मास्तरांनी छडी तशीच टाकली. ते साहेबांना गाठायला वळले, तर साहेबच समोर उभे होते. हातात घडी केलेला सरकारी कागद, आणि चेहरा प्रसन्न.

“मास्तर, मला वाटलं होतं निवड अवघड जाईल,” साहेब पेनाचं टोपण काढत म्हणाले. “पण आत बसलेल्यांपैकी मला एकही जास्तीचा वाटला नाही.”