स्तामेनाच्या सावलीचा पूल

"आजी, तुम्ही आधीच मेलेल्या आहात. दुसऱ्यांदा पुरायचं कसं?" नगराध्यक्ष प्लामेन कळवळून म्हणाला.

स्तामेनाच्या हातात उकडलेल्या गोड गव्हांची वाटी होती. तिच्याच पुण्यतिथीचे गहू. पुलावर सगळ्यांना वाटत होते, तिलाही मिळाले. समोर खांबावर तिचा विशीतला फोटो चिकटवला होता. खाली छापलं होतं : तुझ्याविना साठ वर्षं.

गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पूल काही केल्या टिकेना. दिवसा बांधावा, रात्री नदीत कोसळावा. शेवटी गवंडी रांगेलने जुना उपाय केला. दोरीने कुणाची तरी सावली मोजली आणि दोरी खांबात चिणली. अशी सावली ज्याची, ते माणूस चाळीस दिवसांत मरतं. दोरी सगळ्यांनी पाहिली, पण सावली कुणाची ते रांगेल बोलला नाही. नेमकी तेव्हाच त्याची ठरलेली बायको स्तामेना गावातून नाहीशी झाली. मग वेगळं सांगायला कशाला हवं? पूल टिकला. तेव्हापासून प्रवासी येतात, फुलं वाहतात, रडतात आणि मग पोटभर मासे खातात.

खरं तर ती एका रुमानियन नावाड्याबरोबर डॅन्यूबपलीकडे पळाली होती. आता नावाडी गेला. तिला आईशेजारी मातीत पडायचं होतं, एवढंच. जागाही रिकामी होती. पण गावाला जिवंत स्तामेना परवडणारी नव्हती.

"रांगेलआजोबांनी सांगावं, गोष्ट खोटी आहे म्हणून," प्लामेन म्हणाला. "लगेच जागा देतो." इतकी वर्षं हूं की चूं न केलेला म्हातारा आता कशाला तोंड उघडतोय!

रांगेल कठड्याशी बसला होता. त्याने पुढे लग्न केलंच नव्हतं.

"मेल्या, सांग की यांना," स्तामेना म्हणाली. "माझी सावली नाही म्हणून सांग."

"नाहीच तिची," रांगेल म्हणाला. गहू खाणाऱ्यांचे घास तोंडातच राहिले. "ही पळाली, त्या दिवशी मी माझीच मोजली."

स्तामेनाला जागा मिळाली होती, पण तिला रडूच आवरेना. तरी जीभ गप्प बसते थोडीच!

"मग चाळीस दिवसांत मेला का नाहीस रे?"

रांगेलने खांबावरून हात फिरवला.

"सरकारी सिमेंट ना गं," तो म्हणाला. "अजून वाळतंय."