जाळीपलीकडचा निकाल

गेल्या निवडणुकीत वेल्डरच्या थोरल्या पोराने आपल्या साहेबांसाठी मारामारी केली, विरोधी उमेदवाराच्या माणसाचं डोकं फोडलं आणि तुरुंगात गेला. या खेपेला दोन्ही पक्षांची युती झाली. जागा त्याच जुन्या विरोधकाला सुटली आणि साहेबांनी गल्लोगल्ली हात जोडून त्याच्यासाठी मतं मागितली. तो दणदणीत निवडून आला.

वेल्डर ऑफिसात गेला, तेव्हा साहेब आणि नवे खासदार एकाच सोफ्यावर बसून हसत होते.

"साहेब, आता तुमचं जुळलंय. माझ्या पोराचंही काहीतरी बघा."

"काका, युती पक्षांची झालीय," साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "केस कोर्टात आहे. तिथे आमचं काय चालणार?"

खासदारही हळहळले.

भेटीच्या दिवशी पोरगा जाळीला चिकटूनच उभा होता.

"बाबा, आत सगळे काहीबाही सांगतात. माझा नाही विश्वास बसत. तुम्ही सांगा, तो पडला ना?"

वेल्डर जाळीजवळ सरकला.



"सपशेल! डिपॉझिटसुद्धा गेलं बघ त्याचं."