किरणांची वाट

"हा मास्क फार आवळलाय," मधुसूदन जाळीआडून कुरकुरले.

कवटीच्या तळाशी असलेली गाठ जाळायची, तर किरणांच्या वाटेतली एक आठवण जळणारच होती. कोणती, ते रुग्णाने लिहायचं. सही मात्र बायकोची लागे. त्यांनी लेक गेली ती दुपार लिहिली होती. केतकीच्या मरणाला घरात सगळे 'अपघात' म्हणत.

शरयूने ती ओळ खोडली, 'आमचं लग्न' असं लिहिलं आणि सही केली.

"झालं का गं?"

"झालं. आपलं लग्न जाईल. तारीख तशीही तुमच्या लक्षात नसते. ती दुपार मात्र राहील."

"अगं, अपघात होता तो."

"सासर सोडून आलेली पोर तासभर दार वाजवत होती. तुम्ही कडी काढली नाहीत, म्हणून ती परत त्याच घरात मरायला गेली."