काळ्या पट्टीखालची नावं

“माकडं!” वेन्सी आल्कार्दे एकटाच केबिनमध्ये हसला. “शिकलेली माकडं!”

समोरच्या पडद्यावर मनिलाच्या मुख्य कचेरीनं पाठवलेली फाइल उघडी होती. त्याच्याविरुद्धच्या चौकशीतले चार जबाब. तक्त्यात डावीकडे जबाब, उजवीकडे देणाऱ्याचं नाव, आणि उजवीकडच्या प्रत्येक घरावर काळी पट्टी. आरोपीला उत्तर देता यावं, पण साक्षीदारांवर सूड उगवता येऊ नये, म्हणून. पण पट्टी मारली म्हणून अक्षरं थोडीच पुसली जातात? सगळा मजकूर उचलायचा आणि कोऱ्या साध्या फाइलीत टाकायचा. तिथे रंग नाही, रेघ नाही, पट्टी नाही. उरतात फक्त अक्षरं. एवढंही चौकशी करणाऱ्या त्या वकीलबाईला कळू नये? म्हणे अ‍ॅटर्नी मिलाग्रोस बास्कोन! नाव मोठं, लक्षण खोटं.

वेन्सीला सगळ्यांचाच असा तिटकारा. जेन्सान बंदरातल्या ट्यूनाच्या कारखान्याचा तो मॅनेजर. मासे साफ करणाऱ्या बायांना त्याच्या मते माशाएवढीच अक्कल, आणि मुदत संपलेल्या डब्यांवर नवी तारीख मारून विकलेला माल गिळणारी गिऱ्हाइकं तर त्याच लायकीची. एका शाळेतली पोरं तो माल खाऊन आजारी पडली आणि प्रकरण पेटलं. आरोप सिद्ध झाला तर खुर्ची गेलीच, वर तुरुंग. पण सिद्ध व्हायचा कसा? बायांनी डबे पाहिले होते. हुकूम मात्र त्यानं तोंडी दिला होता, तोही एकाच माणसाला.

तो माणूस क्रिस्पुलो, शीतगृहाचा सुपरवायझर. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला वेन्सी धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘पारे’ म्हणत. क्रिस्पुलो खाल्ल्या मिठाला जागणारा. वेन्सी मनातून त्याला कुत्राच समजे, पण आपला कुत्रा.

त्यानं मजकूर उचलला, साध्या फाइलीत टाकला. तक्ता मोडून पडला. आधी चारही जबाब एकाखाली एक आले, त्यांच्याखाली नावं. वेन्सीनं वरून खाली जोड्या लावल्या. डब्यांना वास येत होता म्हणणारी मारिव्हेल. शिक्के मारताना पाहिलं म्हणणारी तोमासा. “बसा आता घरी, बयांनो.” तिसरा जबाब सगळ्यांत जहरी. ‘मॅनेजर माणूस नव्हे, पोरांच्या ताटात विष कालवणारा हलकट आहे.’ त्याच्या वाट्याला आलेलं नाव क्रिस्पुलोचं होतं.

चौथ्या जबाबाला नाव उरलंच नाही. त्यात वेन्सीची स्तुती होती. ‘साहेब देवमाणूस आहेत, सगळे आरोप खोटे.’ चांगलं बोलणारा लाजला असेल, असं म्हणून त्यानं तो विषय सोडला. त्याचं डोकं तिसऱ्यावरच भणाणलं होतं. हुकूम ऐकणाराच फितूर! मग एकच इलाज होता. उद्याच्या सुनावणीत साक्ष द्यायच्या आत त्याला चोर ठरवायचं. चोराच्या साक्षीला कोण कुत्रं विचारतं?

तेवढ्यात क्रिस्पुलोच जेवणाचा डबा घेऊन आत आला. “पारे, ट्यूनाचा जबडा भाजून आणलाय. मिरची जास्त घालायला सांगितली बायकोला.”

वेन्सीनं छापलेला कागद त्याच्या तोंडावर फेकला. “विष कालवणारा हलकट, काय रे?”

क्रिस्पुलोनं वाचलं. पुन्हा वाचलं. “नाव माझं आहे, पारे. पण हे शब्द माझे नाहीत.”

“म्हणजे मशीन खोटं आणि तू खरा?”

“देवाशप्पथ सांगतो, मी तर तुमच्या बाजूनं…”

“आणि पारे म्हणू नकोस मला! कुत्र्याला उंबऱ्यात बसू दिलं म्हणून तो सोयरा होत नाही.”

मासे चोरल्याचा ठपका ठेवून पहारेकऱ्यांनी क्रिस्पुलोला सगळ्या बायांच्या देखत फाटकाबाहेर ढकललं. कागद मात्र त्याच्या मुठीतच राहिला. जबडा वेन्सीनं फेकला नाही. चांगला भाजला होता, त्यानं सावकाश चाटून-पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅटर्नी बास्कोन सुनावणीला आली. बुटकी, घामेजलेली बाई. वेन्सी तिच्यासमोर पाय पसरून बसला.

“मॅडम, तुमच्या साक्षीदारांत एक चोर आहे. क्रिस्पुलो. कालच हाकलला मी त्याला.”

“पण नावं तर झाकलेली होती.”

“झाकायलाही अक्कल लागते, मॅडम.”

“खरंय,” ती शांतपणे म्हणाली. “झाकण्यात आमची चूक झाली. पण वाचायलाही लागते हो थोडी. पहिला जबाब निनावी पत्राचा होता, त्याच्यापुढचं घर पट्टीखाली कोरंच होतं. तक्ता मोडला की कोरं घर नाहीसं होतं आणि खालची सगळी नावं एकेक पायरी वर चढतात. क्रिस्पुलोंचा जबाब तिसरा नव्हता. चौथा होता.”

चौथा. देवमाणूस. वेन्सीनं पसरलेले पाय आखडून घेतले.

“मग… मग तो जबाब आहेच की, मॅडम! माझ्या बाजूचा!”

“तासाभरापूर्वी मागे घेतला त्यांनी. पलीकडच्या खोलीत नवा लिहून देताहेत.” तिनं वही मिटली. “कालपर्यंत आमच्याकडे डबे होते, बाया होत्या. फक्त हुकूम ऐकलेला माणूस नव्हता. तो तुम्हीच धक्के मारून आमच्याकडे पाठवलात.”