निघायची खूण

डॉक्टरांनी ब्लेड काढलं तसे सिंधुबाईनं डोळे गच्च मिटले. पाखरीचा कासरा तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि कपाळ घोडीच्या कपाळाला टेकवलं होतं.

"अक्का, तुमीच बघा. मला नुसतं सांगत ऱ्हावा."

अक्का म्हणजे छबूबाई. अंथुर्ण्यात तिच्या वांग्याच्या रानात दरसाल सिंधुबाईची मेंढरं बसायची. लेंडीखत रानाला मिळायचं, आणि गप्पा दोघींना. इंदापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना एसटीडीवरून फोनही तिनंच लावला होता, सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सिंधुबाईचा नवरा गेणू मेंढरं घेऊन माळावर गेलेला. घोडी धरायला बाप्या माणूस नाही म्हटल्यावर डॉक्टर जरा कचरले, तर छबूबाई म्हणाली, "घोडी धरायला मिशा लागत्यात व्हय?" डॉक्टर गप कामाला लागले. खरं सांगायचं तर बोटात काटा मोडला तरी हिला भोवळ यायची. पण मैत्रिणीला धीर द्यायला आलेल्या बाईनं ते कुणाला सांगायचं?

पाखरीचा मागचा पाय महिनाभर त्रास देत होता. चालता चालता ताठ व्हायचा, दुमडायचाच नाही, मग ती तो फरफटत न्यायची. एक शीर कापली तर पाय मोकळा होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही झाला तर दुसरा इलाज नाही, हेही म्हणाले होते. दिवाळी झाली की मेंढरं कोकणात निघणार, आणि पाय ओढणारं जनावर घाट उतरत नाही. "बाजारात दुसरी बघू," एवढंच गेणू बोलला, तर सिंधुबाईनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिची दोन्ही पोरं पाखरीच्या पाठीवर बसून बोलायला शिकली होती.

"कापलं का?"

"कापत्यात."

"रगत?"

छबूबाईनं बघितलं. बारीक लाल रेघ मांडीवरून खाली येत होती. तिनं सिंधुबाईच्या पाठीवर हात ठेवला, आता आधार कुणी कुणाला दिला ते देव जाणे.

"रगत कसलं? डास चावल्यावर येतं तेवढंबी न्हाय."

"मग तुमचा हात का थरथरतोय?"

"माझा न्हाय. घोडी हलतीय."

घोडी दगडासारखी उभी होती.

टाका पडला. डॉक्टरांनी हात धुतले. "झालं. आता चार पावलं चालवा. पाय दुमडला की समजायचं, जमलं."

सिंधुबाईनं कासरा ओढला. पाखरी जागची हलली नाही. तिनं चुचकारलं, गोंजारलं, हिरवी मका पुढं धरली. पाखरीनं मका खाल्ली आणि तिथंच उभी राहिली. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून पाहिली. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "थोडं थांबू." पण त्यांचा आवाज उतरला होता, आणि ते दोघींनाही कळलं.

"गेली हो अक्का, माझी पाखरी कामातनं गेली," म्हणत सिंधुबाई मातीत बसली आणि रडू लागली. छबूबाई घोडीकडं बघत राहिली.

घोडी उघडीबोडकी होती. जनावराला मोकळं वाटावं म्हणून छबूबाईनंच सकाळी पाठीवरचं सगळं काढून ठेवलं होतं. आणि बारा वर्षं तर तिनं बांधावर उभं राहून सिंधुबाईचं बिऱ्हाड निघताना बघितलं होतं. आधी खोगीर, मग वाकळा, मग भांडी, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर, पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी चढेपर्यंत पाखरी कुणाच्या बापाच्यानं हलायची नाही. चढली की मात्र कुणी चल म्हणायचीही गरज नसायची.

"सिंधे, ऊठ. कोंबडी कुठं हाय तुझी?"

सिंधुबाईनं डोळे पुसले, क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि पालाकडं पळाली.

"महिनाभर ओझं अजिबात नको बरं का," डॉक्टर म्हणाले.

"कोंबडीचं कसलं ओझं, डाक्टर."

पाठीवर एक वाकळ घडी करून टाकली. तिच्यावर तांबडी कोंबडी बसवली. सिंधुबाई कासरा खांद्यावर घेऊन पुढं झाली, नेहमीसारखी, मागं न बघता. पुढं चालणारी बाई मागं वळली की मुक्काम आला, एवढं पाखरीला ठाऊक होतं. वळलं की ती थांबायची.

पाखरीनं कान हलवले आणि पाऊल टाकलं.

"अक्का," पुढं बघतच सिंधुबाईनं विचारलं, "दुमडतोय का?"

छबूबाई वाकून बघत होती. पण सकाळपासून धडाधड खोटं बोललेल्या बाईचं खरं आता कोण मानणार?

"सांगा की अक्का. दुमडतोय का?"

छबूबाई पदर खोचून घोडीच्या पुढं गेली. सिंधुबाईच्या खांद्यावरचा कासरा काढून तिनं आपल्या खांद्यावर घेतला. घोडीचा गरम श्वास मानेवर आला तशी ती शहारली, पण चालत राहिली.

"जा मागं. तूच बघ."

बांधाच्या कडेनं ती चालली. मागं चार खुरांचा सारखा आवाज येत होता, फरफटण्याचा नाही.

"अगं, नीट येतीय ना पाखरी?" छबूबाईनं विचारलं.

मागून नाक ओढत सिंधुबाई म्हणाली, "वळू नका अक्का. चालत ऱ्हावा."