कवळीची पाळी

"आ करा काका. आणखी मोठा. झालं!"

डॉक्टर पुनम यांनी तोंडातली कॅमेऱ्याची कांडी बाहेर काढली आणि अण्णारावांना समोरच्या पडद्यावर स्वतःच्याच हिरड्या दिसल्या. लाल, गुळगुळीत, दात एकही नाही. सत्तर वर्षं हे तोंड घेऊन हिंडलो आणि आतून हे असं आहे होय, असं त्यांना वाटलं.

"बघा, माप झालंसुद्धा. आता तुम्हाला एक कवळी, साहेबरावकाकांना एक."

अण्णाराव खुर्चीत उठून बसले. "दोन कशाला मॅडम? दोघांत मिळून एकच करा न."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करून राहिला. पण गंमत कसली! अकरा वर्षांपूर्वी अर्धापूरला या दोघा सख्ख्या भावांची वाटणी झाली. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, अंगणात मधोमध भिंत आली. विहीर तेवढी फोडता येईना, म्हणून पंचांनी पाण्याची पाळी लावली. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. मग निघाली कवळी. घर एकत्र असताना केलेली, आणि तोवर दात दोघांचेही गेलेले. पंच म्हणाले, हिलाही विहिरीचाच न्याय. कागदावर तसं लिहून सह्या घेतल्या.

आणि खोटं कशाला सांगा, चाललं की हो! जुन्या डॉक्टरांनी तिचं माप गुलाबी लगद्याचा गोळा अण्णारावांच्या तोंडात कोंबून घेतलं होतं. गोळा घशाशी गेला, अण्णाराव ओकाऱ्या द्यायला लागले, माप हललं. त्यामुळे कवळी झाली ती वेडीवाकडीच. अण्णारावांना टोचायची, साहेबरावांच्या तोंडात नाचायची. दोघांनाही सारखाच ताप. इतकी नेमकी वाटणी पंचांनाही दुसऱ्या कशाची जमली नव्हती.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात नाही, मयतीत नाही. पण रोज सकाळी भिंतीवरून स्टीलची डबी जायची. "धुतली का?" "धुतली." एवढं झालं की मग केळीवर करपा पडला का, मोटार जळली का, गुडघा कसा हाय, असं करत दहा मिनिटं सहज जायची. त्याला दोघंही बोलणं म्हणत नव्हते. पाळी म्हणायचे. गेल्या आठवड्यात साहेबरावांच्या पाळीला फुटाणे खाताना कवळी मोडली, आणि तेव्हापासून अण्णाराव सकाळी नुसतेच भिंतीपाशी जाऊन परत येत होते.

"मॅडम, गोळ्याचंच माप घ्या न," ते काकुळतीला आले. "मी ओकीन, काय हरकत न्हाई."

"गोळा बंद केला काका. आणि या मशीनला दोन तोंडांचं एक माप घेताच येत नाही. केसाचा फरक होऊ देत नाही ते. तुमची त्यांना बसणार नाही, त्यांची तुम्हाला."

उघड्या दाराबाहेर बाकड्यावर साहेबराव बसले होते. त्यांचं माप आधीच झालं होतं. ते छताकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "लई बेस झालं. पाळीची कटकट गेली एकदाची!"

अण्णारावांना ते फार लागलं. अकरा वर्षांची कटकट! आणि आपण येडे, रोज डबी घासून पुसून देत होतो.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा नांदेडला आले, वेगवेगळ्या बसनं. डॉक्टरांनी एकेकाच्या तोंडात कवळी बसवून पाहिली. दोन्ही चपखल. मग त्या घासूनपुसून दोन सारख्या डब्यांत घातल्या, झाकणांवर नावं चिकटवली, डब्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आणि "थोड्या वेळानं न्या" म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

अण्णाराव लघवीला जाऊन आले. साहेबराव दारात पाठ करून रस्ता बघत उभे होते. उद्या सकाळी ही पाठसुद्धा दिसायची नाही, असं मनात आलं आणि अण्णारावांचा धीर सुटला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दोन्ही डब्यांची झाकणं बदलून टाकली. बसूच नये त्याची त्याला. मग येईल झक मारत भिंतीपाशी!

दोघांनी आपापल्या नावाची डबी उचलली आणि वेगवेगळ्या बसनं घर गाठलं.

घरी येताच अण्णारावांनी कवळी तोंडात घातली. कुठं टोचते ते आधी बघून ठेवलं म्हणजे तक्रार ठासून करता येईल. पण टोचेचना. त्यांनी जबडा हलवला. भाकरीचा पापुद्रा चावला. मग सुपारी फोडली.

"अगं बया! काय झक्कास बसली हो!" साखराबाई म्हणाल्या. नवऱ्याला सुपारी फोडताना त्या कित्येक वर्षांनी बघत होत्या.

अण्णारावांनी झाकणावरचं नाव पुन्हा वाचून पाहिलं. मशीन चुकत नव्हतं. झाकणं तर आपण या हातांनी बदलली. आणि तरी आपल्या तोंडात आपलीच कवळी. म्हणजे आपण हात लावायच्या आधीच कुणीतरी झाकणं एकदा बदलून ठेवली होती. तिथं दुसरं होतं कोण?

तेवढ्यात भिंतीपलीकडून बोळक्या तोंडाचा आवाज आला. "दादा! ए दादा! ही मला अजिबात बसंना. तुझी दिसती. पाळी लावावी लागंल की रं!"

साखराबाई काही बोलणार, तोच अण्णारावांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. घट्ट बसलेली कवळी दोन्ही हातांनी ओढून काढली, बंडीच्या खिशात कोंबली, आणि ते भिंतीकडे धावत ओरडले, "मलाबी बसंना, सायबू! थांब, आलो!"